टीव्हीवरच्या राजकीय भाष्यातला पक्षपात नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न असा आहे : "टीव्हीवरचे राजकीय भाष्यकार एका पक्षाची बाजू घेतात असं मला सतत जाणवतं. माझा भाऊ तीच वाहिनी बघतो आणि त्याला नेमकं उलटं वाटतं. पक्षपात खरंच दाखवून देता येतो, की तो बघणाऱ्याच्या मनात असतो? आणि दोन्ही बाजूंचे पाहुणे बसवले की कार्यक्रम निष्पक्ष झाला असं म्हणायचं का?"

दाखवून देता येतो. फक्त तो जिथे असतो तिथे सहसा कुणी बघत नाही. बहुतेक प्रेक्षक भाष्यकाराच्या शब्दांकडे, आवाजाच्या पट्टीकडे आणि चेहऱ्यावरच्या भावांकडे लक्ष देतात. मी बरीच वर्षं वृत्तवाहिन्यांमध्ये चर्चा आणि विश्लेषणाच्या कार्यक्रमांचा निर्माता होतो. त्या कामातून झालेलं माझं ठाम मत असं, की भाष्यकार तोंड उघडतो तेव्हा पक्षपाताचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. विषय कोणता, प्रश्न कसा, खुर्चीवर कोण, शेवटचं वाक्य कुणाचं, हे निर्णय संध्याकाळच्या आधीच झालेले असतात. त्यांच्या खुणा पडद्यावर दिसतात आणि मोजताही येतात.

आधी तुमचा आणि भावाचा मतभेद घेऊ, कारण तो सुटल्याशिवाय पुढचं सगळं वाया जाईल. १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये लेबनॉनच्या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झालं होतं. त्याच्या टीव्ही बातम्यांचे तेच ते तुकडे त्यांनी इस्रायलची बाजू घेणाऱ्या आणि अरबांची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखवले. दोन्ही गट म्हणाले, की या बातम्या आमच्या विरोधात आहेत. त्यातही विषयाची जास्त माहिती असणाऱ्यांना पक्षपात जास्त दिसला. म्हणजे वाचन वाढवलं की माणूस या खोडीतून सुटतो असंही नाही. उलट आपल्या बाजूचे कोणते मुद्दे राहिले हे त्याला अधिक नेमकं कळतं आणि तो अधिक चिडतो.

तेव्हा "मला खटकलं" हा पुरावा होत नाही, तुमचाही नाही आणि भावाचाही नाही. पण या प्रयोगाचा उलटा फायदा वाहिन्या घेतात, तेही सांगायला हवं. "दोन्हीकडचे लोक आम्हाला शिव्या देतात, म्हणजे आम्ही बरोबर मध्यात आहोत" हे वाक्य मी न्यूजरूममध्ये खूप वेळा ऐकलं आणि दर वेळी त्याला विरोध केला. पक्षपाती बातमीवरही दोन्ही बाजू चिडतात : ज्यांच्यावर अन्याय झाला ते चिडतात आणि ज्यांना अजून जास्त झुकतं माप हवं होतं तेही चिडतात. तक्रारी कुठून किती आल्या यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी गाठ मताची. पुष्कळांची अशी समजूत असते, की भाष्यकाराने मत मांडलं की तो पक्षपाती झाला. भाष्य म्हणजेच मत. ते नको असेल तर बातमीपत्र बघावं. खरा प्रश्न मत कसं मांडलं गेलं हा आहे. ९ मार्च १९५४ रोजी सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर पत्रकार एडवर्ड मरो यांनी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्याविरुद्ध कार्यक्रम केला. मॅकार्थी त्या काळी लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करून त्यांच्या सुनावण्या घेत असत. तो अजिबात तटस्थ नव्हता. मात्र त्याचा बराचसा भाग मॅकार्थींच्या स्वतःच्या भाषणांच्या आणि सुनावण्यांच्या चित्रफितींचा होता. मरो काय म्हणतात आणि ते कशाच्या जोरावर म्हणतात, हे प्रेक्षकाला एकाच बैठकीत ताडून बघता येत होतं. पुढे ६ एप्रिलला मॅकार्थींना त्याच कार्यक्रमात उत्तर द्यायला वेळ मिळाला. दुसरं उदाहरण सीबीएसचेच वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचं. व्हिएतनामहून परतल्यावर २७ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी हे युद्ध कोंडीत अडकल्याचं मत मांडलं. मांडण्याआधी त्यांनी स्पष्ट बजावलं, की आता जे बोलतोय ते माझं वैयक्तिक मत आहे. रोजच्या बातम्यांच्या ओघात ते त्यांनी हळूच मिसळलं नाही.

मत हे मत म्हणून सांगणं, त्यामागचा आधार समोर ठेवणं आणि ज्याच्याविरुद्ध बोललो त्याला बोलू देणं, एवढं पाळलं तर कितीही कडक मत मला प्रामाणिक वाटतं. याउलट तटस्थ चेहऱ्याने, मृदू आवाजात, "आम्ही फक्त प्रश्न विचारतोय" असं म्हणत केलेला कार्यक्रम पूर्ण पक्षपाती असू शकतो. तसे कार्यक्रम होतात, आणि ते कसे उभे राहतात ते आता सांगतो. उत्तराचा गाभा हाच आहे.

सकाळच्या बैठकीत विषयांची यादी येते. महागाईचे आकडे आलेले असतात, एखाद्या न्यायालयाचा निकाल असतो, विधिमंडळात विधेयक असतं आणि कुठल्यातरी दुय्यम नेत्याने एखादं उर्मट विधान केलेलं असतं. रात्रीच्या मुख्य चर्चेसाठी यातला एकच विषय निवडायचा असतो. सत्तेत असलेल्यांना अडचणीचे ठरतील असे आकडे बाजूला पडून दर वेळी विरोधकाचं उर्मट विधानच निवडलं गेलं, किंवा याच्या उलट झालं, तर पुढे चर्चा कितीही समतोल चालवा, त्या दिवशीचा पक्षपात पूर्ण झाला. यात कुणी खोटं बोलत नाही. विधान झालेलं असतंच. म्हणूनच हा पक्षपात एका भागावरून पकडता येत नाही. महिनाभराचे विषय एकाखाली एक लिहिले की तो आपोआप दिसतो.

विषयानंतर प्रश्न. समजा एखादा कर वाढला. "कर वाढवून सरकारने सामान्यांची लूट केली का?" हा एक प्रश्न. "करवाढीला विरोध करणाऱ्यांना विकास नको आहे का?" हा दुसरा. दोन्हींत उत्तर आधीच भरून ठेवलेलं आहे. पाहुणा 'हो' म्हणो वा 'नाही', पडद्यावर तासभर राहतो तो आरोप. "वाढलेला कर कोणाच्या खिशातून जाणार आणि कशावर खर्च होणार?" असाही प्रश्न विचारता येतो. त्याने आरडाओरडा होत नाही, म्हणून तो सहसा निवडला जात नाही. खालच्या पट्टीवर काय लिहिलंय ते आवाज बंद करून वाचा. अनेक घरांत, प्रतीक्षालयांत टीव्ही आवाजाविना चालू असतो आणि तिथे पट्टी हीच चर्चा असते. आत तीन पाहुण्यांनी आरोप खोडून काढला तरी पट्टी शेवटपर्यंत तीच राहिली असेल, तर ती पट्टी कोणाच्या सोयीची आहे हे विचारायला हवं.

मग पाहुणे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि ते 'नाही' असं आहे. सहा चौकटींत दोन पक्षांचे दोन प्रवक्ते दिसतात, तेव्हा हिशेब बरोबर वाटतो. उरलेल्या चौघांकडे बघा. 'राजकीय विश्लेषक', 'ज्येष्ठ पत्रकार', 'माजी अधिकारी', 'सामाजिक कार्यकर्ते' अशा पाट्या त्यांच्या नावाखाली असतात. या चौघांतले तिघे एकाच बाजूने बोलत असतील, तर प्रत्यक्षात सामना चार विरुद्ध दोन असतो. वरून त्या तिघांना तटस्थपणाची पाटी मिळालेली असते, म्हणजे त्यांच्या शब्दाला प्रवक्त्याच्या शब्दापेक्षा जास्त वजन मिळतं.

याहून कसबी प्रकार म्हणजे कमकुवत प्रतिनिधी निवडणं. ज्या बाजूला पाडायचं असेल तिच्याकडून मुद्दा नीट मांडणारा माणूस न बोलावता हमखास भडकणारा, आकडे न येणारा माणूस बोलावायचा. तो येतो, ओरडतो, आणि प्रेक्षक म्हणतो, "यांच्याकडे उत्तरच नाही." पाहुण्यांना फोन करणाऱ्या माणसाकडे सगळ्यांचे नंबर असतात. कोण शांतपणे उत्तर देतो आणि कोणाला डिवचलं की पेटतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अर्थात प्रत्येक वेळी यात हेतू असतोच असं नाही. चांगला अभ्यासक आयत्या वेळी मिळत नाही, मिळाला तर त्याला अशा गोंधळात बसायचं नसतं. पण एका बाजूला नेहमी अभ्यासू आणि दुसऱ्या बाजूला नेहमी भडक माणूस मिळत असेल, तर त्याला योगायोग म्हणता येणार नाही.

वेळेचं मोजमाप लोक चुकीचं करतात. कोणाला एकूण किती मिनिटं मिळाली यापेक्षा कोणाला सलग किती सेकंद बोलू दिलं ते बघा. पाच मिनिटं मिळालेला माणूस दर आठ सेकंदांना तोडला गेला, तर त्याचा एकही मुद्दा पूर्ण होत नाही. दीड मिनिट सलग मिळालेला माणूस पूर्ण युक्तिवाद मांडून जातो. ब्रेकच्या आधीचं आणि कार्यक्रमाचं शेवटचं वाक्य कोणाला मिळालं, तेही लिहून ठेवा, कारण प्रेक्षक तेच घेऊन उठतो. प्रश्नांची जातही बघा. एका पाहुण्याला "तुमची योजना समजावून सांगा" आणि दुसऱ्याला "तुम्ही माफी मागणार का?" असं विचारलं जात असेल, तर पहिल्याला बोलायची संधी मिळाली आणि दुसऱ्याला पिंजऱ्यात उभं केलं.

चित्रांचंही तसंच. पाहुणा बोलत असताना शेजारच्या चौकटीत जुन्या दंगलीची, जुन्या मोर्चाची किंवा एखाद्या नेत्याच्या अवघडलेल्या चेहऱ्याची तीच तीच दृश्यं फिरत राहतात. त्यांवर तारीख नसेल तर ती आजचीच वाटतात. माझ्या मते तारखेशिवाय जुनं दृश्य दाखवणं हा पत्रकारितेतला साधा अप्रामाणिकपणा आहे, मग ते कोणत्याही बाजूच्या सोयीचं असो.

आणि दोष कोणावर टाकला जातो? आपल्या आवडत्या पक्षाचा माणूस लाच घेताना सापडला की तो 'एक भ्रष्ट व्यक्ती' असतो. दुसऱ्याचा सापडला की ती 'त्या पक्षाची संस्कृती' असते. राज्यशास्त्राचे अभ्यासक शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या प्रयोगांतून ही यंत्रणा नीट कळते. गरिबीची बातमी एका गरीब कुटुंबाची कहाणी म्हणून दाखवली, तर प्रेक्षक त्या कुटुंबालाच जबाबदार धरायला लागतात. तीच आकडेवारी आणि धोरणांसकट दाखवली, तर प्रेक्षक सरकारकडे आणि समाजाकडे बोट दाखवतात. व्यक्तीची गोष्ट सांगायची की व्यवस्थेची, हा निर्णय निर्माता घेतो. एका पक्षाच्या वेळी एक आणि दुसऱ्याच्या वेळी दुसरी पद्धत वापरली, तर एकही खोटा शब्द न बोलता पारडं झुकवता येतं.

आता समतोलाचा दुसरा सापळा. जिथे पुरावा एकाच बाजूला आहे तिथे दोन्ही बाजूंना सारखा वेळ देणं हाही पक्षपातच. बीबीसीने आपल्या विज्ञानविषयक वार्तांकनाचं परीक्षण अनुवंशशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांच्याकडून करून घेतलं. २०११ च्या त्यांच्या अहवालात नेमका हाच आक्षेप होता, की स्थापित विज्ञानासमोर नगण्य मत बसवून खोटा समतोल दाखवला जातो. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाची संहिताही निष्पक्षता विषयाला साजेशी असावी एवढंच म्हणते. प्रत्येक मताला समान मिनिटं द्या असं ती कुठेच सांगत नाही. निवडणुकीत कोणाला मत द्यावं या प्रश्नाला दोन बाजू असतात. मतदानाची टक्केवारी किती झाली याला नसतात. भाष्यकार पहिल्या प्रकारचा प्रश्न दुसऱ्यासारखा मांडतो किंवा दुसरा पहिल्यासारखा, तेव्हा सावध व्हावं.

कायद्याने हे सुधारेल का, असं पुष्कळजण विचारतात. थोडंफार. अमेरिकेत १९४९ पासून 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम होता. सार्वजनिक महत्त्वाचे वादग्रस्त विषय हाताळा आणि त्यावरची विरोधी मतंही ऐकवा, असं तो प्रक्षेपणाचा परवाना घेणाऱ्यांना सांगत असे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो वैध ठरवला आणि १९८७ मध्ये नियामकानेच तो सोडून दिला. फ्रान्सचा अनुभव मला जास्त बोलका वाटतो. तिथे राजकारण्यांच्या बोलण्याच्या वेळेचा हिशेब नियामक ठेवतो. पण राजकीय मतं मांडणारे स्तंभकार आणि कार्यक्रमाचे सूत्रधार राजकारणी नसल्यामुळे त्या हिशेबात येत नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये सी-न्यूज वाहिनीवरचे भाष्यकार एरिक झेमूर यांचा वेळ राजकारण्यासारखा मोजायचं नियामकाने ठरवलं आणि त्यांना कार्यक्रम सोडावा लागला. नंतर ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेच्या अर्जावर फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं, की मतांची विविधता तपासताना फक्त राजकारणी बघून चालणार नाही, सूत्रधार, भाष्यकार आणि पाहुणे या सगळ्यांचं बोलणं विचारात घ्या. वर मी तटस्थपणाच्या पाट्यांबद्दल जे म्हटलं, ते तिथल्या न्यायालयाने मान्य केलं असं मी समजतो. अंमलबजावणी मात्र अवघड आहे, कारण कोणत्या भाष्यकाराचं मत कोणत्या खात्यात टाकायचं हे सरकारी यंत्रणेने ठरवण्यात वेगळाच धोका आहे.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर हितसंबंधांबद्दलही बोलतो. भाष्यकाराचं मत काय, यापेक्षा त्याचे पैसे कुठून येतात हे लपवणं मला जास्त गंभीर वाटतं. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं, की अमेरिकी वाहिन्यांवर स्वतंत्र लष्करी विश्लेषक म्हणून बसणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांना पेंटॅगॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, खास माहिती आणि मुद्दे पुरवत होतं, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे संरक्षण कंत्राटदार कंपन्यांशी संबंध होते. प्रेक्षकाला दिसत होता तो गणवेशाचा अनुभव. जानेवारी २००५ मध्ये आर्मस्ट्राँग विल्यम्स या भाष्यकाराचं प्रकरण बाहेर आलं : तेव्हाच्या रिपब्लिकन सरकारच्या शिक्षण कायद्याची तरफदारी करण्यासाठी त्यांचा शिक्षण खात्याशी झालेला व्यवहार २,४०,००० डॉलरचा होता. दुसऱ्या बाजूचं उदाहरण २०१६ चं. सीएनएनवर भाष्यकार असलेल्या डॉना ब्राझील यांनी कार्यक्रमात विचारले जाणारे प्रश्न डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचार पथकाला आधी कळवल्याचं फुटलेल्या ईमेलमधून दिसलं आणि वाहिनीने त्यांच्याशी संबंध तोडले. ही उदाहरणं मी अशीच निवडली आहेत, की ज्यांची कागदपत्रं उघड आहेत आणि ज्यांत एकाच पक्षाला झोडपल्याचा आरोप माझ्यावर येणार नाही.

हे सगळं होतं कशामुळे? "वरून फोन येतो" हे लोकांचं आवडतं उत्तर. मालकाचा हात असतोच. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सिंक्लेअर कंपनीच्या डझनावारी स्थानिक केंद्रांवरच्या अँकरांनी इतर माध्यमांच्या पक्षपातावर टीका करणारा एकच मजकूर जवळजवळ शब्दशः वाचला. त्या चित्रफिती एकत्र जोडून कुणीतरी दाखवल्या, तेव्हा ते जगाला कळलं. पण माझ्या अनुभवात मालकाच्या फोनपेक्षा प्रेक्षकाची भीती मोठी असते. आपल्या प्रेक्षकाला न आवडणारं सांगितलं तर तो उठून शेजारच्या वाहिनीवर जाईल, ही ती भीती. २०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतदान यंत्रांबद्दल झालेल्या खोट्या आरोपांवरून ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या फॉक्स न्यूज वाहिनीवर खटला भरला. त्यात उघड झालेल्या संदेशांतून दिसलं, की पडद्यावर त्या आरोपांना जागा मिळत असताना वाहिनीतल्या नामवंत सूत्रधारांचा आणि अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. प्रेक्षक दुसरीकडे जातील याची धास्ती त्या संदेशांत जागोजागी आहे. एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्यात खर्चाचं गणित मिसळा. बातमीदार आणि कॅमेरा बाहेर पाठवायला पैसे आणि दिवस लागतात. सहा जणांना व्हिडिओ कॉलवर जोडायला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून भाष्य वाढत गेलं आणि ज्यावर भाष्य करायचं ती बातमी आटत गेली. अभ्यासक डॅनियल हॅलिन यांनी अमेरिकी वाहिन्यांच्या निवडणूक बातम्या मोजल्या. १९६८ मध्ये उमेदवाराच्या बोलण्याचा दाखवलेला सलग तुकडा सरासरी ४० सेकंदांहून मोठा होता, १९८८ मध्ये तो ९ सेकंदांच्या आसपास आला. उरलेली जागा पत्रकाराच्या आणि विश्लेषकाच्या अर्थ लावण्याने भरली. प्रेक्षकाला मूळ बोलणंच ऐकायला मिळालं नाही, तर लावलेला अर्थ बरोबर आहे की नाही हे तो तपासणार कसं?

परिणाम होतो का, याचीही उत्तरं आहेत. स्टेफानो डेलाविन्या आणि ईथन कॅप्लन यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झालेली फॉक्स न्यूज २००० पर्यंत काही गावांच्या केबलवर पोहोचली होती, काहींच्या नाही. जिथे पोहोचली तिथे रिपब्लिकन पक्षाची मतं १९९६ ते २००० दरम्यान ०.४ ते ०.७ टक्के-अंकांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. आकडा लहान वाटेल. २००० ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या फरकावर ठरली, हे लक्षात घेतलं की तो लहान राहत नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांचा प्रयोग. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी फॉक्सच्या नियमित प्रेक्षकांतल्या काहींना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर उलट बाजूची मानली जाणारी सीएनएन बघायला लावलं. त्या प्रेक्षकांना आधी माहीतच नसलेल्या गोष्टी कळल्या आणि काही मुद्द्यांवरची मतंही हलली. दोन्ही वाहिन्या आपल्या बाजूला अडचणीच्या बातम्या गाळतात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. पैसे थांबल्यावर बहुतेक जण आपल्या जुन्या वाहिनीकडे परतले आणि परिणाम विरत गेला. सर्वांत प्रभावी पक्षपात गाळण्यात असतो, आणि एकच वाहिनी बघणाऱ्याला काय गाळलं हे कळायचा मार्गच नसतो.

आता तुम्ही दोघांनी काय करावं ते सांगतो. आधी जिथल्या राजकारणात तुमचा जीव अडकलेला नाही अशा एखाद्या परक्या देशाच्या निवडणुकीवरचं भाष्य बघा. तिथे कोण जिंकावं याबद्दल काहीच वाटत नसल्यामुळे प्रश्नातला आरोप, पाटीमागचा माणूस, तोडलेलं वाक्य पटकन दिसतं. डोळा तयार झाला की घरच्या वाहिनीकडे या.

मग बसण्याआधी काय मोजायचं ते दोघांनी मिळून ठरवा. आधी ठरवणं महत्त्वाचं, कारण बघता बघता ठरवलं तर प्रत्येकजण आपल्या सोयीचं मोजतो. पट्टीवरचा मजकूर, पहिला प्रश्न कोणाला आणि कसा, कोणाचं बोलणं किती वेळा तोडलं, सर्वांत मोठा सलग तुकडा कोणाला मिळाला, शेवटचं वाक्य कोणाचं, एवढं पुरे. तुम्ही भावाच्या आवडत्या पक्षाच्या पाहुण्याला मिळालेली वागणूक नोंदवा, त्याने तुमच्या. एका भागावरून निकाल देऊ नका. एखादा दिवस कोणाचाही वाईट जातो, सूत्रधाराचाही.

त्यानंतर नावं बदलून बघा. आज ज्या कृतीवर भाष्यकार तुटून पडतोय, तीच कृती दुसऱ्या पक्षाने केली होती तेव्हा याच माणसाने काय म्हटलं होतं ते शोधा. राज्यपालांचा निर्णय असो, आमदारांची फोडाफोड असो, तपास यंत्रणेची धाड असो, अशी जोडीची उदाहरणं राजकारणात भरपूर मिळतात आणि जुने कार्यक्रम इंटरनेटवर असतात. दोन्ही वेळा सारखाच कडक किंवा सारखाच मवाळ राहिलेला भाष्यकार माझ्या दृष्टीने विश्वासाला पात्र आहे, त्याचा कल मला नापसंत असला तरी. भूमिका बदलली असेल तर ती का बदलली हे त्याने सांगितलं का, तेही बघा. माणसाचं मत बदलू शकतं, पण सांगून बदललेलं मत आणि गुपचूप फिरवलेलं मत यांत फार अंतर आहे.

गाळलेलं शोधण्यासाठी दिवसाअखेरी वृत्तसंस्थेच्या मुख्य बातम्यांची यादी आणि वाहिनीने चर्चेला घेतलेला विषय शेजारी शेजारी ठेवा. आणि वाहिनीची चूक झाली तेव्हा दुरुस्ती कुठे आली ते पाहा. आरोप रात्री नऊला आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओळीत, असं पुन्हा पुन्हा एकाच पक्षाच्या बाबतीत होत असेल, तर ती तुमच्या वहीतली सर्वांत भक्कम नोंद ठरेल.

वही भरली की वाहिनीला लिहा. तिथे दाद लागली नाही, तर जिथे कायद्याने तशी सोय आहे तिथे नियामकाकडे जा. "तुमची वाहिनी विकली गेली आहे" असं पत्र आलं की ते बाजूला ठेवलं जातं, अशी पत्रं दोन्हीकडून ढिगाने येतात. तारीख, वेळ, पट्टीवरचा नेमका मजकूर, कोणत्या पाहुण्याची ओळख अपुरी दिली आणि त्याचा कोणता संबंध सांगायचा राहिला, तशाच प्रसंगी आधी त्याच कार्यक्रमात प्रश्न कसा विचारला होता, इतकं लिहिलेलं पत्र आलं की ते संपादकीय बैठकीत वाचलं जायचं आणि त्या भागाच्या निर्मात्याला त्यावर उत्तर द्यावं लागायचं. पत्राखाली तुम्हा दोघांच्या सह्या असतील तर त्याचं वजन आणखी वाढेल.